मागणीपत्रावरची माझी सही

सरकारी कचेरी डोळे मिटूनही ओळखता येते. पायरी चढली की फिनेल, जुन्या फायली आणि मुतारीतल्या डांबराच्या गोळ्या यांचा मिळून एक वास नाकात शिरतो. सव्वीस वर्षे मी सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, तेव्हा हा वास माझ्या शर्टालाही येत असे. निवृत्तीनंतर परवा एका कामासाठी तालुक्याच्या कचेरीत गेलो आणि तोच वास पुन्हा भेटला. या खेपेला मात्र डोके दुखले. वयाचा दोष म्हणा किंवा सवय मोडली म्हणा. बाकावर बसल्या बसल्या मनात आले, की हा वास कुणीतरी विकत घेतलेला आहे. कुणीतरी मागणीपत्र लिहिले, कुणीतरी दरपत्रके मागवली, कुणीतरी सही केली. माझ्या दवाखान्यात ती सही माझी होती.

आरोग्याच्या सदरात खरेदीची गोष्ट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. म्हणून आधी एक हकिगत सांगतो.

१९९७ सालचा उन्हाळा. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात होतो. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची भेट ठरली होती, त्यामुळे सकाळपासून झाडलोट चालू होती. संडास घासायला आमच्याकडे एक मावशी होत्या. वीस वर्षांची नोकरी, कामाला चोख. फरशीचे डाग निघेनात म्हणून त्यांनी आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि तिच्यावर ॲसिड ओतले. दार ओढून घेतलेले, खिडकी म्हणजे वर एक झरोका. पाच मिनिटांत त्या खोकत, भिंतीला धरत बाहेर आल्या आणि व्हरांड्यातच बसल्या. "साहेब, छातीत आग पडली," एवढेच बोलल्या.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणजे तो जमिनीलगत साचतो. आणि फरशी घासणाऱ्या माणसाचे नाकही तिथेच असते. मावशींना प्राणवायू लावला, इंजेक्शने दिली, दोन दिवस ठेवून घेतले. जीव वाचला. परंतु त्यानंतर धूर, धूळ, फोडणीचा ठसका, काहीही झाले की त्यांना दम लागू लागला. तो त्रास निवृत्त होईपर्यंत राहिला.

दोष त्यांचा, असे आम्ही सगळे म्हणालो. "दोन्ही एकत्र करू नये हे कळत नाही का?" असे मीही रागावून बोललो. पुढे एकदा भांडारात गेलो तेव्हा ते ॲसिडचे कॅन पाहिले. त्यांच्यावर नाव नाही, किती तीव्र ते नाही, धोक्याची खूण नाही. ब्लीचिंग पावडर गोणीतून काढून डालडाच्या जुन्या डब्यात भरलेली. मावशींना वाचता येत होते, पण वाचायला तिथे काही नव्हते. तीन दरपत्रके मागवून त्यांतल्या सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराकडून आम्ही तो माल घेतला होता. त्या वर्षीच्या लेखापरीक्षणात या खरेदीवर एकही आक्षेप निघाला नाही. मावशींच्या छातीचा हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

पर्यावरणाला पोषक अशी खरेदी सरकारी नोकरांनी करावी, असे हल्ली बरेच बोलले जाते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच झाडे लावण्याचा कार्यक्रम येतो. माझ्या समजुतीप्रमाणे पर्यावरण म्हणजे आधी त्या संडासातली हवा. जी वस्तू नदीला, मातीला अपाय करते, ती बहुतेक वेळा तिथे पोहोचण्यापूर्वी ती हाताळणाऱ्या माणसाला अपाय करून गेलेली असते. आणि सही करणारा माणूस सहसा ती हाताळत नाही.

डांबराच्या गोळ्यांचेच घ्या. आपण त्यांना डांबर म्हणतो, पण ते बऱ्याचदा नॅप्थालीन असते. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळाला नॅप्थालीनची वाफ लागली तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. आता आमच्या प्रसूती कक्षातले कपाट आठवते. बाळाला गुंडाळायच्या दुलया आणि फलालीनचे तुकडे आम्ही कसर लागू नये म्हणून याच गोळ्या घालून ठेवत होतो. किती बाळांची कावीळ त्यामुळे वाढली असेल, सांगता येत नाही. त्या काळी आम्ही तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. घरोघरीही हीच पद्धत आहे, म्हणून सांगतो : बाळाचे कपडे नुसते उन्हात वाळवून ठेवावेत. गोळ्या घालून ठेवलेले असतील तर धुऊन, ऊन देऊनच वापरावेत.

तीच गोष्ट पाऱ्याची. ताप मोजायच्या एका काचेच्या नळीत अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, रक्तदाबाच्या जुन्या यंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास. नळी फुटली की आमची परिचारिका जडसंग्रह नोंदवहीत नोंद करायची, शिपाई झाडूने काचा गोळा करायचा आणि पाऱ्याचे थेंब फरशीच्या फटींत जाऊन बसायचे. पाऱ्याची वाफ साध्या तापमानालाही निघत राहते. तिला वास नाही, रंग नाही. ती श्वासातून मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडाला त्रास देते. मी स्वतः इंजेक्शनच्या एका रिकाम्या बाटलीत असा पारा जमवून टेबलाच्या खणात ठेवला होता. कर्मचाऱ्यांची मुले आली की त्यांच्या तळहातावर घालून दाखवायचो. पोरे खूश व्हायची. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. (घरात नळी फुटलीच तर झाडू लावू नये. खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावेत आणि हाताला सोने असेल तर आधी काढून ठेवावे.)

जपानमधल्या मिनामाता गावाच्या नावाने पाऱ्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. भारताने त्यावर २०१४ साली सही केली आणि २०१८ साली त्याला मान्यता दिली. या करारात पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक बनवणे थांबवण्यासाठी २०२० ही मुदत घातली गेली; काही देशांना सवलत मागण्याची सोयही ठेवली. दिल्लीत झालेली ही सही आमच्या भांडारात पोहोचायला किती काळ लागतो, हे ज्याने सरकारी नोकरी केली त्याला सांगायला नको.

भांडाराच्या बाबूंशी माझा नेहमीचा वाद असे. "साहेब, काचेचा स्वस्त पडतो, बॅटरीचा त्याच्या तिप्पट. ऑडिटला मी काय सांगू?" त्यांचेही खरे होते. उद्या आक्षेप निघाला तर वसुली त्यांच्या पगारातून होणार. पण वर्षाला किती नळ्या फुटतात ते नोंदवहीतून मोजायला लावले, तेव्हा बाबू गप्प झाले. वर्षाला चार वेळा घ्यावी लागणारी स्वस्त वस्तू स्वस्त कशी? एवढे मात्र कबूल करतो, की बॅटरीच्या थर्मामीटरचा सेलही शेवटी कचऱ्यात जातो, आणि ते यंत्र अधूनमधून तपासून घ्यावे लागते. पूर्णपणे निर्दोष वस्तू बाजारात मिळत नाही. दोन दोषांतला लहान कोणता, हे पाहणेच हातात असते.

सर्वांत कमी दराचीच वस्तू घेतली पाहिजे, नियमच तसा आहे, हा आमचा आवडता बचाव. तो अर्धाच खरा आहे. राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका काढली. केंद्राचे वित्तीय नियम २०१७ साली नव्याने आले. कमी दर पाहायचा तो मागणीत लिहिलेल्या तांत्रिक निकषांत बसणाऱ्या मालातलाच. निकषच लिहिले नाहीत तर पाणी घातलेले फिनेलही निविदेत पहिले येते. केंद्राच्या नियमांत तर विजेची ठरावीक उपकरणे घेताना त्यांना किमान किती तारे असावेत याचीही अट आहे. मग निकष लिहितो कोण? बहुतेक कचेऱ्यांत कुणीच नाही. मागच्या वर्षीचे मागणीपत्र काढायचे, तारीख बदलायची आणि खाली लिहायचे, 'गतवर्षीप्रमाणे'. या एका शब्दाने जेवढे विष सरकारी भांडारात आणले असेल तेवढे भ्रष्टाचारानेही आणले नसेल, असे माझे मत आहे. ते कुणाला अतिशयोक्त वाटले तर माझी हरकत नाही.

अंगणवाडीच्या रंगाचे उदाहरण देतो. तेलरंगात शिसे असू शकते. पिवळ्या आणि लाल रंगांत ते जास्त आढळत आले आहे, आणि अंगणवाडीच्या भिंतीवर सूर्य, केळी आणि पोपटाची चोच याच रंगांची. रंगाचे पोपडे निघतात, मूल भिंतीला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. शिसे मेंदूच्या वाढीवर आघात करते, आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे आणि तसे डब्यावर छापायचे असते. तेव्हा मागणीपत्रात ही एक ओळ लिहायची आणि माल आल्यावर डबा वाचायचा. याला वेगळा निधी लागत नाही. पण ठेकेदाराने सुटा रंग बादलीत आणला आणि ग्रामसेवकाने 'काम समाधानकारक' असा शेरा मारला, की ९० आकडा राजपत्रातच राहतो.

मातीच्या घड्याची खूण असलेला इकोमार्क केंद्र सरकारने १९९१ साली सुरू केला. पर्यावरणाला कमी अपाय करणाऱ्या वस्तूंवर ती खूण यायची होती. माझ्या संपूर्ण नोकरीत एकाही साबणावर किंवा कागदावर तो घडा पाहिल्याचे मला आठवत नाही. २०२४ साली त्याचे नवे नियम आले. आता तरी तो घडा भरतो का, ते पाहायचे. तोवर नुसत्या 'हर्बल', 'नैसर्गिक' अशा लेबलांवर भुलू नये. हिरवे झाकण आणि कडुनिंबाच्या पानाचे चित्र काढायला पैसे पडत नाहीत.

विजेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नव्या पद्धतीचा ३० च्या आसपास. वीस पंख्यांची कचेरी, रोज आठ तास, वर्षाचे २५० दिवस धरले तर १८०० युनिटांची बचत होते. ही वीज आपल्याकडे प्रामुख्याने कोळशावर होते. कोळसा जळताना राख उडते आणि पाराही हवेत जातो. चंद्रपूर, कोराडी, परळी इथल्या लोकांना याविषयी मी काही सांगावे, असे नाही.

काही खरेदी तर करूच नये अशी असते. साध्या कचेरीची फरशी रोज फिनेलने पुसण्याची गरज नाही. साबणाचे पाणी आणि नंतर स्वच्छ पाणी पुरते. जंतुनाशक हवे ते प्रसूतीगृहात, शस्त्रक्रियेच्या खोलीत, जिथे रक्त सांडते तिथे. तिथे काटकसर करणारा गुन्हेगार. इंजेक्शनची सिरिंजही एकदाच वापरायची आणि ती प्लॅस्टिकचीच असणार. पर्यावरणाच्या नावाखाली तिच्याशी खेळू नये. पण बैठकीला प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली कशाला? राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, त्यानंतर एका आरोग्यविषयक समारंभात मला चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ मिळाला. भाषण प्लॅस्टिकच्या दुष्परिणामांवर होते आणि ते माझेच होते. संध्याकाळी ते सगळे कचेरीच्या मागे पेटवले गेले. पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लॅस्टिक त्यात असेल तर जळताना डायॉक्सिन तयार होते. म्हणूनच दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिशव्यांतून हे प्लॅस्टिक मार्च २०१९ पर्यंत हद्दपार करण्याचा नियम झाला. आगपेटीला मात्र अजून निविदा लागत नाही.

त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत माझे काम पाच मिनिटांचे होते, दीड तास लागला. तोवर भांडार सांभाळणाऱ्या तरुण लिपिकाशी बोलत बसलो. चांगला मुलगा. मावशींची हकिगत सांगितली तर म्हणाला, "सर, ॲसिडचे कॅन आमच्याकडेही आहेत. बिननावाचेच." मी त्याला कागद मागितला आणि तीन ओळी लिहून दिल्या : प्रत्येक डब्यावर घटक, तीव्रता आणि धोक्याची सूचना मराठीत छापलेली असावी, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच खोलीत ठेवू नये, मुतारीसाठी नॅप्थालीनच्या गोळ्या मागवू नयेत. त्याने कागद दोनदा वाचला. "हे मी मागणीपत्रात घालतो, पण साहेब विचारतील, हे नवीन कुठून आले म्हणून," तो म्हणाला. मी म्हणालो, माझे नाव सांगा.

काल त्याचा फोन आला होता. मागणीपत्र टेबलावर आहे, सही व्हायची आहे.