माझगावची गव्हाणी आणि हेरोदाचे मृत्युवर्ष

माझगावच्या म्हातारपाखाडीत नाताळला मांडल्या जाणाऱ्या गव्हाणीत मेंढपाळ, तारा आणि तीन राजे एकत्र दिसतात. बायबलमध्ये मात्र असा प्रसंगच नाही. मत्तयाकडे तारा व मागी लोक आहेत. ते राजे नव्हेत, त्यांची संख्याही दिलेली नाही आणि ते ‘घरात’ येतात. गव्हाणी व मेंढपाळ फक्त लूककडे. बैल-गाढव कुणाकडेच नाहीत!

‘दोन्ही वृत्तांत परस्परपूरक आहेत’ हा नेहमीचा बचाव कालगणनेपाशी कोसळतो. मत्तयानुसार जन्म हेरोदाच्या हयातीत झाला. बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. ४ मध्ये मानतात. लूक मात्र योसेफ-मरीयेला क्विरीनियसच्या नावनिशीसाठी बेथलेहेमला नेतो आणि जोसिफसच्या इतिहासानुसार ती नावनिशी इ.स. ६ ची. अंतर सुमारे दशकाचे.

शिवाय ती यहूदियाची करआकारणी होती. नासरेथ गालीलात, म्हणजे हेरोदपुत्र अंतिपासच्या राज्यात. तेथील सुताराला ती लागू होण्याचे कारण नव्हते. आणि हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी कुटुंबे हलवून रोमन तिजोरीला काय मिळणार होते?

मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथात इस्राएलचा अधिपती बेथलेहेमचा सांगितला होता. येशू तर नासरेथकर म्हणून सर्वांना ठाऊक. त्याला बेथलेहेमात जन्माला घालण्यासाठी दोघांनी दोन वेगळ्या वाटा काढल्या.