भिंतीवरचे प्राणी आणि फाटकाबाहेरचे प्राणी

काही महिन्यांपूर्वी एका प्राथमिक शाळेच्या दुसरीच्या वर्गात जाण्याचा योग आला. भिंतीवर प्राण्यांचा सुंदर रंगीत तक्ता होता. सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा, पेंग्विन अशी सारी मंडळी त्यावर ओळीने उभी होती. बाईंनी छडी टेकवायची आणि मुलांनी एका सुरात नाव घ्यायचे, असा पाठ चालला होता. मुलांचे एकही उत्तर चुकले नाही. पाठ संपल्यावर आम्ही सहज विचारले, “बाळांनो, आज शाळेत येताना तुम्ही कोणता प्राणी पाहिला?” वर्ग एकदम शांत झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “फाटकाजवळचा कुत्रा. पण तो तक्त्यात नाही.”

त्या बालकाचे हे उत्तर गेले काही महिने मनात घर करून आहे. त्याला कारणही तसेच आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर एक महत्त्वाचा आदेश दिला. शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटके कुत्रे हटवून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर त्यांना निवाऱ्यात ठेवावे, असा त्याचा मुख्य आशय होता. त्यावर अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एका बाजूला श्वानप्रेमी, दुसऱ्या बाजूला चावे खाऊन त्रस्त झालेले नागरिक. वृत्तवाहिन्यांवर कित्येक रात्री हा वाद रंगला. परंतु याच आदेशातील एका छोट्या भागाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्राण्यांच्या सान्निध्यात कसे वागावे, चावा झाल्यास प्रथमोपचार कोणता करावा आणि ही गोष्ट तत्काळ कोणाला सांगावी, याविषयी शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे व कर्मचाऱ्यांचे प्रबोधन करावे, असे त्यात म्हटले होते.

जरा विचार करण्यासारखी गोष्ट आहे. कुत्र्याशी कसे वागावे हे मुलांना शिकवा, असे शाळांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मग इतकी वर्षे आपण प्राणी आणि निसर्ग या नावाखाली वर्गात शिकवले तरी काय?

याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागेल. शाळेत पर्यावरणाचे शिक्षण असावे हा विचार नवा नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा समावेश होता. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला आणि अंमलबजावणी रेंगाळल्यावर १८ डिसेंबर २००३ रोजी पुन्हा कान टोचले. आपल्या राज्यात तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या दप्तरात ‘परिसर अभ्यास’ या नावाचे पुस्तक असते, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने याच टप्प्यासाठी ‘आपल्या सभोवतालचे जग’ या अर्थाचे विषयक्षेत्र सुचवले आहे. त्यानुसार नवी रचना टप्प्याटप्प्याने आणण्याचा शासन निर्णय महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला. पण त्याचे पुढे काय झाले? सारी चर्चा तिसऱ्या भाषेच्या प्रश्नाने व्यापून टाकली. तो प्रश्न महत्त्वाचा होता, यात शंका नाही. २९ जून २०२५ रोजी त्यासंबंधीचे निर्णय मागे घेतले गेले आणि वादळ शमले. त्या दोन-अडीच महिन्यांत मुलाने कोणत्या भाषेत शिकावे यावर सारा महाराष्ट्र बोलला, परंतु त्या भाषेतून त्याने आपल्या भोवतालाविषयी काय शिकावे यावर चार शब्दही कानी पडले नाहीत.

पाठ्यपुस्तकांना दोष देणे सोपे आहे. पण खरे सांगायचे तर बालभारतीची परिसर अभ्यासाची पुस्तके वाईट नाहीत. त्यांत ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी आहेत. मुलाने बाहेर पडावे, पाहावे, विचारावे हीच लेखकांची अपेक्षा आहे. गडबड होते ती पुढे. ‘करून पहा’ची चौकट वर्गात मोठ्याने वाचली जाते आणि तिचे उत्तर फळ्यावर लिहून दिले जाते. मुंगी पाहण्याऐवजी मुंगीविषयीचे वाक्य पाठ होते. प्रकल्पवहीसाठी दुकानातून चित्रतक्ता आणला जातो, आई रात्री जागून चित्रे कापते आणि मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळतात. झाडाचे एक पानही त्याने हाताळलेले नसते.

दुसरा दोष वर्गीकरणाचा आहे. प्राणी दोन प्रकारचे, पाळीव आणि जंगली, अशी विभागणी आपण बालवाडीपासून मनावर ठसवतो. पाळीव प्राणी ‘आपल्याला काय देतात’ हा ठरलेला प्रश्न. गाय दूध देते, कोंबडी अंडी देते, मेंढी लोकर देते. जंगली प्राणी दूर कुठेतरी अरण्यात राहतात. आता या चौकटीत फाटकाजवळचा कुत्रा कुठे बसवायचा? तो कोणी पाळलेला नाही आणि जंगलातलाही नाही. कौलांवरचे माकड, घराच्या पायरीखालची धामण आणि उसातला बिबट्या यांनाही या विभागणीत जागा नाही. आमच्या वसईच्या मुलाला तर बावखलातला बेडूक आणि काठावर बसलेला खंड्याही त्यात सापडणार नाही. मुलाच्या जगात खरोखर असलेले बहुतेक प्राणी या दोन कप्प्यांच्या मधल्या जागेत राहतात, आणि नेमके त्यांच्याविषयीच शाळा मौन पाळते.

हे मौन महाग पडते. शब्दशः जिवावर बेतते. रेबीजचेच पाहा. संशयित रेबीजग्रस्त प्राण्याने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतली आणि वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. पण लहान मूल रागावणीच्या भीतीने ओरखडा लपवते. ‘कुत्रा चावला किंवा नुसता ओरबाडला तरी घरी लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही’ हे एक वाक्य पहिलीच्या मुलाला शिकवायला किती तास लागतील?

सर्पदंशाचे चित्र याहून गंभीर आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडण्यात आला. मृतांपैकी चौथा हिस्सा १५ वर्षांखालील मुलांचा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यातील एका शाळेत पाचवीतील मुलीला वर्गातच, जमिनीतल्या भोकातून आलेल्या सापाने दंश केला. तिला रुग्णालयात नेण्यास विलंब झाल्याचा आरोप झाला आणि ती दगावली. त्या वर्गाच्याही भिंतीवर कदाचित प्राण्यांचा तक्ता असेल.

आपल्या महाराष्ट्रात माणसाच्या जिवाला प्रामुख्याने चार सापांपासून धोका असतो : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकीचे बहुसंख्य साप निरुपद्रवी, किंबहुना उंदीर खाऊन शेतकऱ्याचे भले करणारे. हे चार साप ओळखणे, अंधारात चालताना बॅटरी वापरणे, मण्यारीच्या भीतीने पावसाळ्यात जमिनीवर न झोपणे, दंश झाल्यास जखम न कापता, न चोखता, न आवळता, मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठणे, एवढे ज्ञान चौथीच्या मुलाला सहज पेलते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर उपचार शोधून जगाचे लक्ष वेधले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते संशोधन खेड्यातल्या रुग्णांजवळ बसून, आपल्याच मातीतला एक लहानसा जीव अभ्यासून झाले. आपल्या मुलांना हे कधी सांगितले जाते काय?

बिबट्याविषयीही तेच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले. ज्या घरांत हा आघात झाला, त्यांच्यापुढे ‘सहजीवना’चे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ठार मारा, पकडा, स्थलांतर करा, यांपैकी काय योग्य हे वनखात्याने व तज्ज्ञांनी ठरवावे. पण तोवर त्या गावांतली मुले शाळेत जाणारच आहेत. उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते, तोडणीच्या हंगामात ती बिथरते, संध्याकाळी एकटे बाहेर पडू नये, वाकून बसलेले मूल त्याला लहान जनावरासारखे भासू शकते, ही माहिती त्यांना वर्गात मिळायला हवी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २०११ पासून वनखाते, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून असे प्रबोधन केल्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या शिक्षणाचे रूपांतर भीतीच्या पाठात होऊ नये. ‘कुत्रा चावतो, साप डसतो, बिबट्या खातो’ एवढेच शिकलेले मूल मोठेपणी हातात काठी घेईल. ज्याची सवय, भूक, घर आणि पिल्ले आपल्याला माहीत असतात, त्याच्यापासून योग्य अंतर राखता येते आणि त्याच्याविषयी माया वाटते. सुरक्षितता आणि माया ही दोन्ही एकाच ओळखीतून येतात.

हे आपल्याला कोणी परदेशातून शिकवण्याची गरज नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखवले. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडला रुजले. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तिचे नावच ‘कुरणशाळा’. गुरे चरत असताना शिकवणे चाले आणि भोवतालचे दगड, पाने, बिया ही शिक्षणाची साधने होत. आज त्याच परिसरातले वारली मूल वाघोबाच्या गोष्टी, रानभाज्यांची नावे आणि पाखरांचे आवाज घेऊन शाळेत येते, आणि आपण त्याला तक्त्यावरचा पेंग्विन शिकवतो. त्याच्याजवळचे ज्ञान शाळेच्या लेखी अज्ञान ठरते.

शिक्षकांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांतून त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. चाळीस मुलांना घेऊन बाहेर पडायचे तर अपघाताची धास्ती. काही घडले तर पालक प्रथम बाईंनाच जबाब विचारणार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले खरे, पण ते सहावी ते आठवीसाठी. ज्या वयात कुतूहल सर्वाधिक, ती लहान मुले त्यातून सुटली. तरीही वाट अगदीच बंद नाही. २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे. त्यातला महिन्याचा एक शनिवार परिसराला देता येईल.

त्यासाठी फार दूर जायलाही नको. शाळेच्या आवारातील एक झाड प्रत्येक वर्गाने वर्षभर पाहावे. त्यावर कोण येते, कोण घरटे करते, पाने कधी गळतात, याची नोंद मुलांनी स्वतःच्या शब्दांत ठेवावी. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. गावातील पशुवैद्य, शेतकरी, कोळी बांधव आणि अनुभवी सर्पमित्र यांना वर्षातून एकदा वर्गात बोलवावे, मात्र पकडलेल्या सापाचे खेळ नकोत. रुपेरी पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याची पिल्ले जाळ्यात येऊ लागली तर पुढे काय होईल, हे नायगावचा एखादा मच्छीमार मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले सांगेल. चावा आणि दंश यांवरील प्रथमोपचार वर्षारंभी एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा शिकवावेत, शिक्षकांनाही. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पविषावरील लस मिळते, त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक मुख्याध्यापकांच्या कार्यालयाबाहेर मोठ्या अक्षरांत लावावा. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या प्रकल्पवहीत दुकानातील चित्र नसेल आणि वेडावाकडा बेडूक स्वतः काढलेला असेल, तर रागावू नका. त्याने तो खरोखर पाहिला आहे. आणि व्यवस्थापनांनी, त्यांत आम्हीही आलो, शाळेचे आवार फरशी घालून गुळगुळीत करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. फरशीवर मुंगी दिसत नाही आणि पावसात बेडूक येत नाही.

त्या दुसरीच्या वर्गात आम्ही पुन्हा गेलो होतो. तक्ता अजून तेथेच आहे. पण त्याच्या शेजारी बाईंनी एक कोरा कागद चिकटवला आहे आणि त्यावर मुलांनी आपण पाहिलेल्या प्राण्यांची नावे लिहिली आहेत : कावळा, सरडा, भारद्वाज, गोगलगाय, टिटवी. सर्वांत वर, मागच्या बाकावरच्या अक्षरात, ‘फाटकाजवळचा कुत्रा’ असे लिहिले आहे आणि त्यापुढे कंसात, ‘त्याच्या पिल्लांजवळ जायचे नाही’.