त्याच दारावर पुन्हा



कोविडच्या टाळेबंदीला पाच वर्षं उलटून गेली. आज तिचा विषय निघाला की आपल्यातल्या बहुतेकांना काय आठवतं? दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं ‘रामायण’, घरी फसलेला पाव, बाल्कनीत बडवलेल्या थाळ्या. या आठवणी खोट्या नाहीत. पण त्या आपल्याच घरातल्या आहेत आणि सांगता सांगता गोड होत चालल्या आहेत. म्हणून या अंकाचा विशेष विभाग आम्ही आठवणींना न देता नोंदींना दिला आहे.

मुंबईची ‘सीएमआयई’ ही खासगी संस्था 2014 पासून देशभरातल्या घरांची पाहणी करते. घरं सुमारे पावणेदोन लाख, आणि प्रत्येक घरी वर्षातून तीन फेऱ्या. कामावर कोण जातं, हातात किती पडतं, खर्च कशावर होतो, असे साधेच प्रश्न. खुबी एवढीच की दर वेळी दार तेच असतं. 24 मार्च 2020 च्या रात्री 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा या घरांची आधीची उत्तरं नोंदलेली होती. घरोघर फिरणं थांबलं, तसे प्रश्न फोनवरून विचारले जाऊ लागले. एप्रिलमध्ये बेरोजगारीचा दर 23 टक्क्यांवर गेल्याचं कळलं ते या पाहणीतून.

पण खरी किंमत त्या एका आकड्याची नाही. समजा, डिसेंबर 2019 मध्ये शंभर जण कामावर होते आणि वर्षभराने पुन्हा जवळपास तेवढेच आहेत. नुसती बेरीज पाहणारा म्हणेल, गाडी रुळावर आली. हे शंभर तेच आहेत का, हे त्याला कळणारच नाही. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने 2021 च्या अहवालासाठी याच पाहणीतल्या त्याच माणसांचा माग काढला. कामावरच्या पुरुषांपैकी 61 टक्क्यांचं काम टिकून राहिलं; स्त्रियांमध्ये हेच प्रमाण 19 टक्के. काम गेलं आणि 2020 संपेपर्यंत परत मिळालंच नाही असे पुरुष 7 टक्के, स्त्रिया 47 टक्के. कायम पगारदारांपैकी निम्म्याच्या आसपास लोक असंघटित कामाकडे ढकलले गेले. बेरजेत तेही ‘कामावर’च दिसतात.

घरातल्या कामाचंही तेच. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांनी याच नोंदींतून दाखवलं की एप्रिल 2020 मध्ये पुरुषांचे घरकामाचे तास वाढले आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा घटले. भांडी घासतानाचे फोटो मात्र अजून फोनमध्ये जपून ठेवलेले असतील!

ही पाहणी निर्दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. तिच्यात गरीब आणि कमी शिकलेली घरं कमी सापडतात, असा आक्षेप ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची यांनी 2021 मध्येच घेतला होता. टाळेबंदीत फोनवर प्रतिसादही घटला. शिवाय पाहणी घराचं दार वाजवते. जो वाटेवरच आहे त्याचं काय? 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते पायी गावाकडे निघाले होते. परतीच्या वाटेवर किती स्थलांतरित मजूर दगावले, असं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारलं गेलं, तेव्हा सरकारचं उत्तर होतं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. नोंद नसली की भरपाईचा प्रश्नही उद्भवत नाही. आमच्या मते पाहणीतल्या दोषांपेक्षा ही कोरी जागा कितीतरी घातक आहे.

2021 ची जनगणना तेव्हा लांबली ती लांबलीच. घरयादीने तिची सुरुवात 2026 मध्ये करायचं ठरलं. प्रगणक दारात आला तर त्याला बसायला सांगा, घाईने वाटेला लावू नका. आणि एक विनंती. 2019 ते 2021 या काळातल्या जमाखर्चाच्या वह्या, वाण्याकडच्या उधारीची पुस्तकं, बचत गटाची रजिस्टरं घरात असतील तर दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीत घालू नका. आम्हाला कळवा. त्यांच्या प्रती काढून आम्ही मूळ वह्या परत करू.