स्वस्त वाद्य व त्याची सुधारणा

अर्धपोकळ बेस गिटारीच्या उदरांत मध्यभागीं लांकडाचा भरीव ठोकळा असतो. त्यामुळें ध्वनिवर्धकाजवळ ती विनाकारण घुमत नाहीं, आणि दोन्ही बाजूंच्या पोकळीमुळें नाद मऊ राहतो. गिब्सन कंपनीनें १९५८ सालीं 'ईबी-२' या नांवानें अशी गिटार काढली. तशाच घडणीच्या स्वस्त गिटारी आज मिळतात.

स्वस्त तें टाकाऊ, असें कित्येक म्हणतात. हें मत आम्हांस मान्य नाहीं. पॉल मॅकार्टनी यांनीं १९६१ सालीं हॅम्बुर्ग येथें सुमारें ३० पौंडांस हॉफनरची पूर्ण पोकळ बेस गिटार घेतली, कारण फेंडरची किंमत त्यांस परवडत नव्हती. त्याच वाद्यानें पुढें कीर्ति मिळविली.

तरी विद्यार्थ्यांनो, खरेदीच्या वेळीं रंग पाहूं नका, मान पाहा. ती पिळलेली असल्यास गिटार घेऊं नये. इतर दोष बहुधा दूर करतां येतात. प्रथम नव्या तारा चढवाव्या. मग घोडी मागेंपुढें सरकवून बाराव्या पडद्यावरील स्वर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशीं जुळवावा. एवढ्यानेंच पुष्कळ वाद्यें सुधारतात. तरीहि नाद न आवडल्यास पिकअप बदलावे. मात्र जुने भाग काढतांना त्यांस दोरा बांधावा, म्हणजे नवे भाग अरुंद छिद्रांतून ओढून जागेवर आणतां येतात. लांकूड मात्र कोरूं नये. जुना पिकअप जपून ठेवल्यास परत बसवितां येतो. कोरलेलें लांकूड पूर्ववत् होत नाहीं.

ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्यानें महाग वाद्याची वाट पाहत वर्षें घालविण्यापेक्षां असें वाद्य घेऊन आजच अभ्यासास लागावें, हें आमचें स्पष्ट मत आहे.