प्रवाशाबरोबर जाणारा देश

परदेशी निघालेला प्रवासी आपले सामान मोजून घेतो. पण न मोजताच आणखी एक वस्तू त्याच्याबरोबर जाते. ती म्हणजे त्याच्या देशाने त्याला लावलेले वळण.

२ जुलै २०१८ रोजी रशियातील रोस्तोव्ह शहरी जागतिक फुटबॉल स्पर्धेत जपान व बेल्जियम यांचा सामना झाला. दोन गोलांनी पुढे असलेला जपान अखेरच्या क्षणी ३-२ असा हरला. दूरदेशाहून आलेल्या अनेक जपानी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी होते. तरीही त्यांनी पिशव्या काढल्या आणि बाकांखालचा केरकचरा गोळा केला. खेळाडूंनीही आपली खोली स्वच्छ केली व तेथे रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवली. १९९८ साली जपान प्रथमच या स्पर्धेत उतरला, तेव्हा फ्रान्समध्येही प्रेक्षकांनी असेच केले होते. २०२२ साली कतारमध्ये उद्घाटनाच्या सामन्यात जपानचा संघ नव्हता. तरी तेथेही जपानी प्रेक्षक कचरा वेचीत होते.

ही शिस्त जन्मजात असते काय? मुळीच नाही. जपानमधील बहुतेक शाळांत मुले आपले वर्ग व जिने स्वतः झाडतात, पुसतात. 'उडून जाणारा पक्षी मागचे पाणी गढूळ करीत नाही,' अशी तिकडे म्हण आहे. मात्र 'प्रवासातली लाज तेथेच टाकून द्यावी,' अशीही म्हण त्याच भाषेत आहे! परमुलखात ओळखीचे कोणी नसते, तेव्हा कसेही वागले तरी चालेल, हा मोह सर्वच देशांतील माणसांना होतो. म्हणून कोणत्याही राष्ट्राला सरसकट चांगले वा वाईट ठरविणे योग्य नव्हे. संस्कृती रक्तातून येत नाही. ती रोजच्या सवयीतून घडते, आणि त्या मोहाला आवर घालते तीही सवयच.

जग मात्र शितावरून भाताची परीक्षा करते. एका प्रवाशाच्या वागण्यावरून त्याच्या साऱ्या देशाचे मोल ठरते. ही गोष्ट महाराष्ट्रातील मुलांनीही ध्यानात ठेवावी. २०२५ साली रायगड, राजगड, शिवनेरी यांसह राज्यातील ११ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. अशा गडाच्या तटावर आपले नाव कोरणारा मुलगा उद्या परदेशी गेला, तर तेथील भिंती तो कोऱ्या ठेवील काय? उलट, गड उतरताना आपला कचरा पिशवीतून खाली आणणारी मुलगी जगात कोठेही गेली, तरी तिच्या देशाला मान खाली घालावी लागणार नाही. परदेशी कसे वागावे, याचा पहिला धडा घराजवळच गिरवावा लागतो.