खड्डा खणण्याआधी जरा माळ बघा!

ताडोबाची सफारी झाली की स्टेटसला वाघ लागतो. वरोऱ्याकडच्या माळावरून जाताना मात्र आपण बसच्या खिडकीतून मान वर करून बघतही नाही. ‘तिकडे काय आहे? नुसतं गवत!’ दोस्तहो, हे ‘नुसतं गवत’ म्हणणंच आपल्याला महागात पडतंय.

याच वरोरा-भद्रावती भागाची एकेकाळी माळढोकासाठी ओळख होती. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. आज देशात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या घरात उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. विजेच्या तारा या पक्ष्याला समोरून नीट दिसत नाहीत, तो त्यांच्यावर आदळून मरतो. पण तारांच्या आधी त्याचा माळच हातचा गेला. सरकारी भाषेत माळ म्हणजे ‘पडीक जमीन’ आणि पडीक जागेचं काहीतरी करायलाच हवं, असा आपला समज.

खरंच पडीक आहे का ती? वर्षभर बघा, मग बोला. जूनमध्ये पावसासोबत चातक येतो. पाऊस पडला की डोंबारी नावाचा चिमुकला चंडोल आकाशात चढतो, शीळ घालत दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर झेपावतो. थंडीत मध्य आशियातून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतात. फाल्गुनात पळस पेटला की पळस मैनांचे थवे दिसतात. आणि चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे गेला की टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि उघड्यावरची अंडी गार ठेवते. यातल्या चंडोल, भोवत्या, टिटवीला झाड नको, मोकळं रान हवं. शत्रू लांबूनच दिसला पाहिजे, हाच त्यांचा बचाव.

आता मुद्द्यावर येऊ. दर पावसाळ्यात आपल्या कॉलेजात वृक्षारोपण असतं. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, तेव्हापासून तर आकड्यांची सवयच लागलीय. मोकळी जागा शोधली जाते, खड्डे खणले जातात, फोटो निघतात. ती मोकळी जागा माळ असेल, तर आपण कुणाचं तरी घर मोडतोय. सोलापूरच्या नान्नज माळढोक अभयारण्यात माळावर लावलेली गिरिपुष्पाची झाडं पुढे काढायची वेळ आली. आपल्याकडे ताडोबातलं जामणी गाव उठलं, तिथल्या शेतांचं कुरण झालं आणि आज तिथे चितळ-गवे चरतात. गडचिरोलीत कोलामार्काच्या रानम्हशीलाही गवतच लागतं. म्हणजे जंगलालाही गवत हवंच.

‘मग झाडं लावायचीच नाहीत का? आधीच इथे उन्हाने जीव जातो!’ बरोबर आहे. लावा की. चंद्रपूरच्या रस्त्यांच्या कडेला लावा, बसस्टॉपवर लावा, कॉलेजच्या आवारात लावा, जिथे माणसाला सावली हवी तिथे लावा. माळ तेवढा सोडा.

आणि हे नुसतं म्हणून भागणार नाही, नोंद हवी. माळाच्या बाजूने बोलायला कागदावर काहीतरी लागतं. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जयंतीनिमित्त ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. तिथून सुरुवात करा. महिन्यातून दोनदा एकाच माळावर, पहाटे, तासभर. काय दिसलं, किती दिसलं, ते ई-बर्ड या फुकटच्या अ‍ॅपवर टाका. दुर्बीण नसली तरी चालतं. नाव येत नसेल तर गुराख्याला विचारा, त्याला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. फक्त घरट्याजवळ जाऊ नका, अंड्यांचे फोटो काढू नका, माळावर गाडी घालू नका.

गोंडवाना विद्यापीठाच्या प्रत्येक कॉलेजच्या एनएसएस युनिटने एवढं तरी ठरवावं : ज्या जागेवर झाडं लावायची, तिथल्या पक्ष्यांची आधी चारही ऋतूंत नोंद करायची. यंदाच्या शिबिराची मीटिंग लागेल तेव्हा हात वर करा आणि सरांना एकच विचारा, ‘सर, या जागेवर आत्ता कोण राहतं?’