अपघात विभागातील पिस्तूल

रुग्णालयात बंदुकीचे काय काम, असा प्रश्न तुम्हांला पडेल. काम काहीच नाही. परंतु ती तेथे येते, हे मात्र खरे. नवी मुंबईचेच उदाहरण घ्या. खारघरजवळ तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. तेथील एखाद्या बंद्याला रुग्णालयात न्यावे लागले, तर त्याच्याबरोबर सशस्त्र पहारा येतो. शीव-पनवेल महामार्गावर अपघात झाला आणि जखमींत एखादा पोलिस अधिकारी असला, तर त्याच्या कमरेचे पिस्तूल स्ट्रेचरवरून त्याच्याबरोबरच अपघात विभागात पोहोचते. अधिकारी बेशुद्ध, पिस्तूल भरलेले. समोरच्या तरुण डॉक्टरने काय करावे?

गोळी शरीरात शिरल्याची खूण कोणती व बाहेर पडल्याची कोणती, हे त्याला न्यायवैद्यकाच्या तासाला शिकवलेले असते. रुग्णाच्या कमरेला खरे पिस्तूल दिसले तर काय करावे, याचा सराव मात्र सहसा कोणी करून घेत नाही. आपत्कालीन वैद्यक ही आपल्या देशात २००९ मध्ये स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली. निदान या शाखेच्या विद्यार्थ्यांना तरी हा सराव मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, ते पोलिसांचे काम. डॉक्टरने शस्त्राला हात लावूच नये. बरोबर आहे, आणि शक्य तोवर हात लावू नये हाच पहिला धडा. पण रक्त वाहत आहे, कपडे कापून जखम शोधायची आहे, डोक्याला मार लागल्याने रुग्ण भ्रमात हातपाय झाडतो आहे आणि पोलिस अजून वाटेत आहेत, अशा वेळी नुसते थांबून कसे चालेल?

येथे थोडे यंत्रशास्त्र कामी येते. पुष्कळांना वाटते, की मुठीतील मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढली की पिस्तूल रिकामे झाले. ही समजूत प्राणघातक आहे. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जातो व रिकामे टरफल बाहेर फेकतो. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना तो पेटीतील पुढचे काडतूस नळीच्या मागच्या टोकात ढकलतो. आता पेटी काढली, तरी हे एक काडतूस आतच राहते! पेटी काढल्यावर चाप चालू नये अशी सोय काही पिस्तुलांत असते, पण सर्वांत नसते. आणि समोरचे कोणत्या जातीचे, हे घाईत कोण ओळखणार? म्हणून डॉक्टरने पिस्तूल रिकामे करण्याचा खटाटोप करू नये. ते होल्स्टरमध्येच राहू देऊन पट्ट्यासह सोडवावे, चापाजवळ बोट नेऊ नये, नळीचे तोंड कोणाकडे वळू देऊ नये आणि कुलपात ठेवून पोलिसांच्या हवाली करावे.

दुसरा धोका चुंबकाचा. एम.आर.आय. यंत्राचे चुंबकीय क्षेत्र बहुधा १.५ टेस्ला असते, म्हणजे आपल्याकडील पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३५ हजार पट. अतिवाहक तारांच्या वेटोळ्यातून वाहणारी वीज तपासणी संपल्यावरही वाहतच असते. त्यामुळे खोलीत कोणी रुग्ण नसला तरी चुंबक जागाच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूच्या नळकांड्यासह एक तरुण त्याच्याकडे खेचला गेला आणि मृत्यू पावला. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे आईबरोबर आलेल्या एका गृहस्थाच्या कमरेचे पिस्तूल चुंबकाने ओढले, गोळी सुटून त्याच्या पोटात शिरली व काही आठवड्यांनी तो वारला. बंद्याबरोबर आलेल्या शिपायाला त्या दाराशी अडवायचे, तर अडवणाऱ्याला हे कारण नीट सांगता आले पाहिजे. नुसती ‘धातू आणू नये’ ही पाटी खाकी वर्दीला थांबवील, असे मला वाटत नाही.

मग डॉक्टरांनाच बंदुका द्याव्यात का? अजिबात नाही. १२ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हल्लेखोर शिरले, तेव्हा पहाऱ्यावरचे दोन पोलिसच ठार झाले. उलट २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी शस्त्राविना वीस गर्भवतींना आडोशाच्या खोलीत हलवले व वाचवले.

या शिक्षणाला अर्धा दिवस आणि लाकडाचे वा प्लॅस्टिकचे नकली पिस्तूल पुरे. शिकवायला शस्त्रागारातील अनुभवी हवालदारच उत्तम. नवी मुंबई पोलिसांचे मुख्यालय कळंबोलीला आहे, आणि शेजारीच कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे.